एक महिना, तीन आकडे

आमच्या जिल्हा दैनिकाच्या वेबसाइटचं तांत्रिक काम मी बघते. दिवाळीनंतर एका सकाळी जाहिरात विभागाच्या काकांनी माझ्या टेबलावर तीन कागद ठेवले. तिन्ही ऑक्टोबरचेच. एकावर वाचक ६४ हजार, दुसऱ्यावर ४१ हजार, तिसऱ्यावर २३ हजार.

"ताई, यातला खरा कुठला तेवढं सांगा. चार वाजता पेढीवर जायचंय, त्यांचा जाहिरातीचा दर वाचकांवर ठरलाय."

६४ हजार होस्टिंगच्या (वेबसाइट जिथे ठेवलीय त्या कंपनीच्या) पॅनेलमधल्या एडब्ल्यूस्टॅट्स या मोजणीच्या साधनाचे. ते सर्व्हरचा लॉग, म्हणजे आलेल्या प्रत्येक मागणीची नोंदवही, वाचतं आणि एक आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) म्हणजे एक माणूस धरतं. २३ हजार गूगल अ‍ॅनालिटिक्सचे. पानातली स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) चालली तरच ते मोजतं आणि ब्राउझरमधल्या कुकीवरून, म्हणजे तिथे ठेवलेल्या खुणेवरून, ओळख ठेवतं. ४१ हजारांचा मात्र अर्धा तास उलगडा होईना. कुणीतरी गूगलचेच रोजचे युजर एक्सेलमध्ये उतरवून ३१ दिवसांची बेरीज मारली होती. रोज सकाळी राशिभविष्य बघणारे आजोबा त्यात ३१ वेळा आले. पानं उघडल्याची बेरीज चालते, माणसांची चालत नाही, हे मी दोन वर्षं सांगतेय. कुणी ऐकत नाही, कारण बेरीज मोठी येते.

मग लॉग उघडला. आधी बॉट, म्हणजे पानं आपोआप नेणारे प्रोग्रॅम, बाजूला काढले. काही स्वतःचं नाव सांगतात, ते सोपे. त्रास देतात ते क्रोम असल्याचं भासवणारे. पान नेतात, पण महिनाभरात एकही फोटो, पानाच्या मांडणीची एकही सीएसएस फाइल मागत नाहीत. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपच्या नोंदी होत्या. ग्रुपवर आमची लिंक टाकली की प्रीव्ह्यूसाठी पान ओढलं जातं, वाचलेलं नसलं तरी लॉगमध्ये ओळ पडते. आमच्या जुन्या एडब्ल्यूस्टॅट्सला यातलं बरंच ओळखू येत नव्हतं. दुपारी एकपर्यंत ६४ हजारांचे ३८ हजार झाले.

फुगवलेला आकडा सापडला असं मला वाटलं, आणि तेवढ्यात एक आयपी दिसला. मोबाइल कंपनीचा. रात्री आठ ते नऊ, एकाच तासात त्याच्या ओळी संपेनात. क्रोम आता फोनचं मॉडेल झाकतो, पण फेसबुकच्या आत उघडलेल्या पानांच्या नोंदीत ते दिसतं. मी मॉडेलं मोजत गेले: विवो, रेडमी, सॅमसंग, ओप्पो… ४७ वेगवेगळी भरली. मोबाइल कंपन्या एका आयपीमागे कितीतरी फोन बसवतात. एडब्ल्यूस्टॅट्सच्या लेखी ती सगळी मंडळी मिळून एक माणूस होती. उलट तोच फोन आठवड्याभरात पाच आयपींवरून आला तर पाच माणसं.

गूगलचंही तेच. माझी आत्या आमच्या बातम्या फेसबुकमधून वाचते, फोनच्या क्रोमवर वाचते आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवरही. प्रत्येक ठिकाणी कुकी वेगळी, म्हणून ती तीन. आयफोनवरच्या सफारीत तर स्क्रिप्टने ठेवलेली कुकी सात दिवसांत जाते. आठ-दहा दिवसांनी परत येणारा वाचक दर वेळी नवा धरला जातो. आणि अ‍ॅड ब्लॉकर लावलेला माझा भाऊ शून्य, कारण तो ब्लॉकर गूगलची स्क्रिप्टच अडवतो.

पेढीवर काकांबरोबर मीही गेले. २३ हजार सांगितले आणि कसे मोजले तेही सांगितलं. मालकांनी जुनी फाइल काढली.

"मागच्या दिवाळीला तुम्ही ५८ हजार म्हणाला होता. एवढे वाचक गेले कुठं?"

एकही वाचक गेला नव्हता. तो ५८ हजार होस्टिंगच्या पॅनेलमधला होता. काका खाली बघत बसले. त्यांनी तो आकडा खोटा म्हणून दिला नव्हता. समोर जो आला तो दिला होता, आणि त्यांना तो कुठून येतो हे नीट बसून सांगणं माझं काम होतं. दर कमी झाला.

त्या ४७ फोनांचं काय करायचं ते मला अजून सुचत नाही. २३ हजार मी दिले, कारण ते कसे आले हे मला सांगता येतं. पण तीही माणसं नव्हेत, ब्राउझर आहेत, आणि करारात शब्द 'वाचक' आहे.

आता नव्या मसुद्यात 'वाचक' काढून 'गूगल अ‍ॅनालिटिक्सचे अ‍ॅक्टिव्ह युजर, कॅलेंडर महिना' असं लिहून दिलंय. काकांनी तो तसाच पेढीला पाठवला. सही होऊन अजून आलेला नाही.