ओला गिलावा आणि स्प्रेचा डबा

अभिजात चित्रकलेवर प्रेम करणारी माणसे रस्त्यावरच्या चित्रांविषयी बोलताना बहुधा 'त्याच्या जागी ते ठीक आहे' असे म्हणून विषय संपवतात. मीही बरीच वर्षे हेच म्हणत आलो. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या एखाद्या चेहऱ्यावरचा रंगाचा जाड थर न्याहाळण्यात माझा तास निघून जाई, आणि तेवढ्याच मेहनतीने रंगवलेल्या भिंतीवरून मात्र नजर घसरून पुढे जाई. हे मत बदलले ते जुन्या भित्तिचित्रांचे तंत्र समजून घेताना. रस्त्यावरच्या चित्रांकडे मी वळलो तो खरे तर त्या जुन्या चित्रांच्याच वाटेने.

इटलीतील भित्तिचित्रकार चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेले रंग लावत. चुना वाळताना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, त्यातून कॅल्शियम कार्बोनेट तयार होते आणि रंगाचे कण त्यात कायमचे अडकतात. रंग भिंतीवर नुसता बसत नाही, तो भिंतीचाच भाग होतो. मात्र गिलावा वाळला की हे दार बंद होते. म्हणून चित्रकार एका दिवसात रंगवून होईल एवढाच तुकडा लिंपून घेई, आणि त्या तुकड्याला 'जोर्नाता', म्हणजे एका दिवसाचे काम, असे म्हणत. मायकेलअँजेलोने 1508 ते 1512 या काळात रंगवलेले व्हॅटिकनमधील सिस्टाइन चॅपेल या प्रार्थनागृहाचे छतही अशा दिवसांच्या तुकड्यांनीच बनलेले आहे, आणि जवळून टिपलेल्या छायाचित्रांत त्यांचे सांधे दिसतात. ते सांधे पहिल्यांदा ओळखता आले, तेव्हा ते छत मला दैवी चमत्कारापेक्षा फार मोठे वाटू लागले, कारण तिथे घड्याळाशी झुंजणारा एक माणूस दिसत होता.

रात्री रस्त्यावर उभ्या असलेल्या चित्रकाराचे घड्याळ वेगळे, पण झुंज तीच. पॅरिसमध्ये 1981 पासून भिंतींवर उंदीर उमटवणाऱ्या ब्लेक ल रा याने स्टेन्सिलचा, म्हणजे आकार कापलेल्या साच्यावरून रंग मारण्याचा, मार्ग धरला. आकार कापण्याचे कष्टाचे काम आधीच उरकलेले असते, आणि भिंतीसमोर लागतात ती थोडीच मिनिटे. हे वाचताना मला मायकेलअँजेलोचा समकालीन इटालियन चित्रकार राफाएल आठवतो. 'स्कूल ऑफ अथेन्स' या भित्तिचित्रासाठी त्याने केलेले पूर्ण आकाराचे कागदी रेखाटन मिलानच्या आंब्रोसियाना संग्रहालयात जपलेले आहे आणि त्याच्या रेषांवर सुईने टोचलेली भोके आहेत. अशा भोकांवर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली की मागच्या पृष्ठभागावर ठिपक्यांची रेषा उमटते. खाका आधी, भिंत नंतर, ही रीत दोघांचीही आहे, आणि ती दोघांनाही वेळेच्या टंचाईनेच शिकवली.

स्प्रेच्या डब्याचेही स्वतःचे व्याकरण आहे. डबा भिंतीजवळ धरून हात झपाट्याने फिरवला तर रेषा बारीक आणि ठाशीव येते. हात रेंगाळला की रंग ओघळतो. डबा दूर नेला की कडा धुक्यासारखी विरते. चांगल्या चित्रात ही तिन्ही अंतरे जाणूनबुजून वापरलेली असतात, आणि कडा पाहून चित्रकाराचा हात भिंतीपासून किती लांब होता याचा अंदाज बांधता येतो. ब्रशच्या फटकाऱ्यावरून मनगटाची हालचाल ओळखण्यात जो आनंद असतो, तोच मला इथेही मिळतो.

या दोन परंपरा एकाच गावात शेजारी पाहायच्या असतील तर इटलीतील पिसाचे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते. तेथील कांपोसांतो या स्मशानवास्तूच्या भिंतीवर बुफालमाक्को या चित्रकाराने चौदाव्या शतकात 'मृत्यूचा विजय' हे विशाल चित्र रंगवले. जुलै 1944 मध्ये युद्धात त्या वास्तूला आग लागली आणि छपराचे वितळलेले शिसे भिंतींवरून वाहिले. उरलेली चित्रे वाचवण्यासाठी भिंतींवरून सोलून काढली गेली, तेव्हा त्यांच्याखाली लाल मातीच्या रंगातली मूळ रेखाटने सापडली, आणि आज त्यांचे स्वतंत्र संग्रहालय आहे. 'मृत्यूचा विजय' दुरुस्तीनंतर 2018 मध्ये भिंतीवर परतला. त्याच शहरात 1989 मध्ये कीथ हेरिंग या अमेरिकन चित्रकाराने एका मठाच्या मागच्या भिंतीवर 'तुत्तोमोंदो' हे चित्र काढले: एकमेकांत गुंतलेल्या, उड्या मारणाऱ्या, रंगीत मानवाकृती. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेस्थानकांत जाहिरातींच्या रिकाम्या काळ्या कागदांवर खडूने झरझर रेखाटताना कमावलेली त्याची रेषा इथे संपूर्ण भिंतभर पसरली आहे. पुढच्याच फेब्रुवारीत, वयाच्या 31 व्या वर्षी, तो गेला. एका भिंतीवर मृत्यू सर्वांना गाठतो आहे. दुसऱ्या भिंतीवर मृत्यू जवळ आलेला माणूस देहाचा उत्सव मांडतो आहे. ही दोन चित्रे मी आता एकमेकांवाचून आठवू शकत नाही.

रस्त्यावरचे चित्र टिकत नाही, हा आक्षेप मला पटत नाही. लिओनार्दोने 'अंतिम भोजन' कोरड्या भिंतीवर रंगवले, आणि ते त्याच्या हयातीतच खराब होऊ लागले. पुढे 1652 मध्ये त्याच भिंतीतून दार काढताना ख्रिस्ताचे पाय कापले गेले. परवानगीचा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्याची भिंत आहे त्याचे म्हणणे मला झटकून टाकता येत नाही. मात्र त्याचा निकाल लागल्यावरही चित्र चांगले की वाईट हा प्रश्न उरतोच, आणि तो नजरेनेच सोडवावा लागतो.

दोन्हींना एकच माप लावावे असे मी म्हणत नाही. सोळाव्या शतकातील व्हेनिसचा चित्रकार तिशियन याने एकावर एक पारदर्शक थर देऊन त्वचेत जो उजेड साठवला, तो डब्यातून येणार नाही. उलट, घराचा कोपरा, गंजलेला नळ, विटांचा उखडलेला पट्टा यांना चित्रातच सामावून घेण्याची जी हुशारी रस्त्यावर दिसते, तिला चौकटीत जागा नाही. म्हणूनच अशी चित्रे भिंतीसकट कापून दालनात टांगलेली पाहिली की मला वाईट वाटते. इटलीतील बोलोन्या शहरात 2016 साली ब्लू या चित्रकाराने, भिंतींवरून काढलेली चित्रे एका प्रदर्शनात मांडली जाणार म्हणून, त्या शहरातील स्वतःची वीस वर्षांची चित्रे राखाडी रंगाने पुसून टाकली. त्या राखाडी भिंतींची छायाचित्रे मी अनेकदा पाहिली आहेत. खालच्या रेषा कुठे जाणवतात का, हे शोधत माझी नजर त्यांवर अजूनही रेंगाळते.