विनिपेगची हॉकी आणि घरोघरचा हिशेब

2025 च्या जानेवारीत मी मावसबहिणीकडे कॅनडातील विनिपेगला गेले, तेव्हा शहर गोठलेले होते. तरीही संध्याकाळी पोर्टेज अव्हेन्यूवर निळ्या जर्सी घातलेल्या माणसांची रीघ लागली होती. विनिपेग जेट्सचा सामना होता. नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी (बर्फावरची हॉकी) स्पर्धेतला हा संघ जेमतेम आठ लाखांच्या वस्तीवर उभा आहे आणि तो कसा तगतो, हे मला समजून घ्यायचे होते.

जेट्सचे घरचे सामने जिथे होतात ते कॅनडा लाइफ सेंटर 2004 मध्ये उभे राहिले, ते ईटन्स या जुन्या मोठ्या दुकानाच्या जागेवर. आतल्या मार्गिकेत त्या दुकानाचे संस्थापक टिमथी ईटन यांचा बसलेला ब्राँझचा पुतळा आहे. नशिबाची साथ मिळावी म्हणून प्रेक्षक त्याच्या बुटाचे टोक घासतात. बाकी पुतळा काळपट आहे, तेवढे टोक मात्र लखलखते.

इथे हॉकीसाठी सुमारे 15,300 आसने आहेत, तर माँट्रियलला सुमारे 21 हजार. या लीगमध्ये तिकीटखिडकीचे उत्पन्न फार मोलाचे असल्याने हा फरक मोसमातल्या घरच्या चाळीसेक सामन्यांत दर वेळी जाणवतो. खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये द्यावे लागतात आणि तिकिटे विकली जातात कॅनेडियन डॉलरमध्ये. त्या मोसमात संघाच्या एकूण पगारावरची कमाल मर्यादा 8 कोटी 80 लाख अमेरिकी डॉलर होती; त्या जानेवारीतल्या दराने ही रक्कम 12 कोटी कॅनेडियन डॉलरच्या वर जाते. 2005 पासून लागू असलेल्या या मर्यादेमुळे न्यूयॉर्क किंवा टोरोंटोचे संघ वाटेल तेवढा पैसा ओतू शकत नाहीत, एवढा दिलासा छोट्या शहरांना आहे. 1990 च्या दशकात तोही नव्हता. तेव्हा संघ वाचावा म्हणून लोकांनी वर्गणी काढली, मुलांनी आपले गल्ले रिकामे केले. तरीही 1996 मध्ये याच नावाचा आधीचा संघ अमेरिकेतल्या फिनिक्सला गेलाच.

2011 मध्ये ट्रू नॉर्थ कंपनीने अटलांटाचा संघ विकत घेऊन इथे आणला, तेव्हा 13 हजार सीझन तिकिटे (घरच्या सगळ्या सामन्यांची एकत्र तिकिटे) हातोहात खपली. 2024 पर्यंत तो आकडा साडेनऊ हजारांच्या आसपास घसरला होता, आणि हे फार काळ चालणार नाही, असे संघाचे प्रमुख मार्क चिपमन यांनी जाहीरपणे सांगितले. मोठ्या शहरांत अशी बरीच तिकिटे कंपन्या घेतात. इथे मोठ्या कंपन्या कमी, त्यामुळे बहुतेक भार कुटुंबांवर पडतो. महागाईत घरखर्चाला कात्री लागली की ती आधी हॉकीला लागते. माझ्या मते या संघाची खरी नाजूक जागा हीच आहे. संघ उत्तम खेळला तरी हा प्रश्न आपोआप सुटत नाही, कारण जिंकल्याने घराचा हप्ता कमी होत नाही.

बहिणीचे शेजारी निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्याकडे चार कुटुंबांत मिळून दोन आसनांची सीझन तिकिटे आहेत. मोसमापूर्वी सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती जमतात आणि पाळीपाळीने सामने निवडतात; टोरोंटोविरुद्धचा सामना सर्वांनाच हवा असतो. सामन्याच्या मध्यंतरात त्यांनी मला फोनवरचा तक्ता उघडून दाखवला. त्यात प्रत्येकाच्या नावापुढे तारखा आणि हिश्श्याची रक्कम होती. एक कुटुंब पुढच्या वर्षी बाहेर पडणार असल्याने त्या रकान्यापुढे प्रश्नचिन्ह होते, आणि तिकिटांच्या नूतनीकरणाची मुदत येण्याआधी चौथा भागीदार शोधण्यासाठी ते ओळखीपाळखीत सगळ्यांना विचारत होते.