केबलची एक पेटी म्हणजे नेमक्या किती?

आमच्या बँडमध्ये वाजवणारे पाच. पण कार्यक्रमाची सुपारी आली की पहिला फोन जातो तो सहाव्याला, ज्याला सा कुठला आणि प कुठला हे आजही कळत नाही. शाळेपासूनचा दोस्त. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या डिस्पॅचला आहे. कास्टिंगच्या गाड्या भरायच्या, नग मोजायचे, चलनं फाडायची, हेच दिवसभर. आधी नुसता पिकअपमध्ये जागा आहे म्हणून यायचा. आता त्याला सुट्टी नसेल तर आम्ही तारीख घेत नाही. हे कसं झालं ते सगळ्यांना सांगण्यासारखं आहेच, पण लिहायला बसलोय ते बेळगावच्या वाटेवर गेलेल्या साडेतीन तासांमुळं. तो राग अजून उतरलेला नाही.

स्टेजवरची कामं तो भराभर शिकला. केबल कोपराला गुंडाळायची नाही. एक वेढा सरळ, एक उलटा, म्हणजे आतली तार पिळत नाही आणि फेकली की गाठ न पडता उलगडते. अँप (अँप्लिफायर) सगळ्यात शेवटी चालू आणि सगळ्यात आधी बंद, नाहीतर मिक्सर बंद करतानाचा ‘धप्प’ थेट स्पीकरच्या कोनवर बसतो. फँटम पॉवर (मिक्सरकडून माइकला केबलमधूनच जाणारी वीज) चालू असताना माइकची पिन ओढायची नाही, आधी चॅनल म्यूट करायचा. कीबोर्डपासून मिक्सर लांब असेल तर मध्ये डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल लांबच्या केबलला जमेल असा करून देणारी डबी), आणि घुंऽऽ असा आवाज आला तर त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण. बोर्डातली अर्थची पिन मात्र काढायची नाही. बरेच मांडववाले ती काढून देतात आणि ‘गेला बघा आवाज’ म्हणतात. आवाज जातोच, एखाद दिवशी माइक धरलेला माणूसही जाईल.

त्याच्या खिशात मल्टीमीटर असतो. “मीटर लावल्याबिगर पिन घालायची न्हाई मर्दा,” हे त्याचं ठरलेलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. थ्री फेजच्या मांडवात न्यूट्रल सैल असला की एका सॉकेटला १८० आणि शेजारच्याला २८० दिसतात; तिथं कीबोर्डचा अडॅप्टर जळायला एक गाणंसुद्धा पुरत नाही.

पण ही कामं कुणीही शिकेल. तो अडून बसण्याइतका महत्त्वाचा झाला तो यादीमुळं, आणि ती यादी आम्ही त्याला करू दिली नव्हती म्हणूनच बेळगावची वाट लागली.

कोल्हापूर ते बेळगाव साधारण ११० किलोमीटर, कागल सोडलं की कोगनोळीपाशी कर्नाटक सुरू. २०१७ला जीएसटी आला आणि सीमेवरचे करनाके उठले, म्हणून आम्ही निर्धास्त. नाके उठले, जीएसटीची फिरती पथकं उठली नाहीत. आम्हाला सीमेच्या कुठल्या अंगाला अडवलं ते सांगत नाही. दोन्हीकडं पुन्हा जायचंय.

गाडीत दोन मालकांचं सामान होतं. दोन टॉप (मोठे स्पीकर) आणि दोन सब (खर्जाचे स्पीकर) भाड्याचे, साऊंडवाल्याचे. तो जीएसटीला नोंदलेला, त्यामुळं त्यानं डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिल (माल नेण्याआधी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा वाहतुकीचा कागद) दोन्ही नीट दिलं होतं. बाकी मिक्सर, माइक, वाद्यं, स्टँड आणि दोन मॉनिटर (वाजवणाऱ्यांकडं तोंड केलेले स्पीकर) आमचे. आमची कुठं नोंदणी नाही, विक्री नाही, म्हणून कागदही नाही. पथकातल्या साहेबांनी ताडपत्री उघडायला लावली, स्पीकर मोजले आणि विचारलं, “कागदावर चार, गाडीत सहा. वरचे दोन कुणाचे?”

आमचे, म्हणालो. कशावरून? पावती घरी, तीही २०१६ची. सिरियल नंबर? कुठंच लिहिलेले नाहीत. इथून जे सुरू झालं ते थांबेना. आधी ड्रायव्हरचा जबाब, तो एमओव्ही-०१ नावाच्या फॉर्मवर. ड्रायव्हर बिचारा भाड्याचा, त्याला विचारलं ‘माल कसला?’ तर म्हणाला, ‘गाण्याचा.’ मग प्रत्यक्ष तपासणीचा आदेश, एमओव्ही-०२. ही तपासणी तीन कामकाजाच्या दिवसांत पुरी करायची असते. त्यांच्या हाताशी तीन दिवस होते, आमचा कार्यक्रम सातला होता आणि घड्याळात अडीच वाजले होते.

त्यात मी शहाणपणा केला. नोंदणी नसलेल्या माणसानं भाड्याच्या गाडीतून आपला माल नेला तर ई-वे बिल ऐच्छिक आहे, असं जीएसटीच्या नियम १३८च्या तिसऱ्या पोटनियमात लिहिलंय. मी ते मोबाइलवर काढून साहेबांसमोर धरलं. नियम बरोबरच आहे, आजही सांगतो. पण ‘ऐच्छिक’ म्हणजे तुमची मर्जी, आणि रस्त्याकडेला मर्जी समोरच्याची चालते. माल तुमचाच आहे हे दाखवायचं ओझं शेवटी तुमच्याच डोक्यावर. मोबाइल खिशात घालायला सांगितला आणि पुढचा पाऊण तास आमच्याकडं कुणी बघितलंही नाही.

मग यादी मागितली. ती मी केलेली होती: ‘केबल १ पेटी, माइक १ पेटी, स्टँड १ गठ्ठा’. साहेब म्हणाले, “एक पेटी म्हणजे नेमक्या किती?” मला सांगता येईना. पेटी निळ्या ताडपत्रीवर उपडी केली. एकमेकींत गुंतलेल्या काळ्या केबल, त्यात साऊंडवाल्याच्या किती आणि आमच्या किती हे देवाला ठाऊक. तिथं दोस्त पुढं झाला. खिशातून खडू काढला (हा माणूस खडू घेऊन फिरतो), पिकअपचा फाळका पाडला आणि केबल एकेक उलगडून लांबीप्रमाणं मांडायला लागला. पाच मीटरच्या, दहाच्या, वीसच्या. फाळक्यावर चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, कास्टिंग मोजतात तशी. पिन उघडून आतल्या डाखावरून (सोल्डरिंगवरून) भाड्याच्या वेगळ्या काढल्या. आमच्या केबलना डाख मीच दिलेला, त्यामुळं ओबडधोबड. शेवटी आकडा आला ४६, त्यातल्या ३१ आमच्या. मॉनिटरच्या पाठीवरचे सिरियल नंबर त्यानं वाचले, मी घरी फोन लावून पावतीचा फोटो मागवला, नंबर जुळला.

काही निघालं नाही, दंड नाही, गाडी सोडल्याचा कागद मिळाला. सहा वाजले होते. साऊंड चेक न करता कार्यक्रम केला आणि पहिली तीन गाणी मॉनिटर शिट्ट्या मारत होता. ‘आधी नीट कागद आणायचा ना’ असं जाताना ऐकवलं ते वेगळंच. कुठला कागद आणायला हवा होता ते साडेतीन तासांत एकानंही सांगितलं नाही. ते दोस्तानं दुसऱ्या दिवशी फाउंड्रीच्या अकाउंटंटकडून काढलं.

तर तो कागद असा. माल राज्याबाहेर चालला आणि किंमत ५०,००० रुपयांच्या वर असली तर ई-वे बिल. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख आहे, म्हणून सांगली-साताऱ्याला आम्हाला कधी कुणी विचारलं नव्हतं. ऐच्छिक असलं तरी करा. ई-वे बिलाच्या पोर्टलवर नोंदणी नसलेल्यांसाठी वेगळा पर्याय आहे, मोबाइलवर ओटीपी येतो. सोबत साध्या कागदावर चलन: क्रमांक, तारीख, कुठून कुठं, वस्तू, नग, किंमत, सही. त्यावर ठळक लिहायचं, ‘विक्रीसाठी नाही, कार्यक्रमासाठी नेऊन परत आणणार’. किंमत आजच्या वापरलेल्या मालाची, पटेल अशी. एक रुपया लिहाल तर तिथंच संशय.

एचएसएन कोड (कुठला माल ते सांगणारा जीएसटीचा आकडा) विचारतात. माइक, स्पीकर, अँप ८५१८मध्ये. साधी गिटार ९२०२, पण इलेक्ट्रिक गिटार कीबोर्डच्या पंक्तीत, ९२०७. इथं मी चुकलो होतो, कारण गिटार म्हणजे गिटार असं वाटलं. हातानं घडवलेल्या तबला-ढोलकीला करच नाही, त्यामुळं ती वेगळ्या ओळीत ठेवा, किमतीच्या बेरजेत घालू नका.

बिलाचे दोन भाग असतात; दुसऱ्यात गाडीचा नंबर. तो भरला की मुदत सुरू, २०० किलोमीटरला एक दिवस, आणि तो दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. ऐनवेळी पिकअप बदलली तर हा दुसरा भाग, म्हणजे पार्ट बी, बदलल्याशिवाय निघायचं नाही. नंबरातले एक-दोन अंक चुकले तर किरकोळ चूक धरून एकूण १,००० रुपयांवर भागतं. आख्खी गाडीच वेगळी असली तर नाही.

आणि परतीचं बिल वेगळं. हे सगळे विसरतात. कार्यक्रम संपल्यावर हॉलच्या पायरीवर बसून मोबाइलवर करायचं, तेही सामान मोजून झाल्यावर.

यादी आता त्याच्याकडंच आहे. आमच्या प्रत्येक वस्तूला लाल टेप, भाड्याच्याला पिवळी, दोन्ही टोकांना. लाल टेपवर लांबी आणि नंबर. पेटीच्या झाकणाला आतून लॅमिनेट केलेली यादी, सिरियल नंबरासकट. पेटी बंद करताना वाचायचीच. पावत्यांचे फोटो तिघांच्या फोनमध्ये, त्यातला एक ड्रायव्हर. गाडी भरतानाही त्याचाच शब्द: वीजजोडाची पेटी आणि स्टेज बॉक्स (स्टेजवरच्या केबल एकत्र जोडायचा डबा) शेवटी चढवायचे, म्हणजे उतरल्यावर पहिले हातात येतात. स्पीकर तोंडाला तोंड लावून, मध्ये गोधडी.

हो, एक राहिलंच. पिकअपवाल्याकडून परमिट आणि दुसऱ्या राज्याचा कर भरल्याचे कागद आदल्या दिवशीच फोटो काढून घ्या. ‘हाय की भावा सगळं’ यावर निघू नका.

परवा पुन्हा बेळगावला गेलो. कागलच्या पुढं हात दाखवून थांबवलं, वेगळं पथक. दोस्तानं काचेतून फाइल दिली, साहेबांनी झाकणावरची यादी बघून एक पेटी उघडायला लावली, लाल टेपच्या केबल मोजल्या. एकतीस. बारा मिनिटं लागली, मी घड्याळ लावून बसलो होतो. दोस्त तोवर ड्रायव्हरकडून चहा मागवत होता.