वेताची खुर्ची

परवा दुपारी माळ्यावरची ट्रंक आवरताना मंडळीचा एक जुना ग्रुप फोटो हाती लागला. चर्चच्या पायऱ्यांसमोर काढलेला. पुढे मुलं मातीत मांडी घालून, मागे डोक्यावर पदर घेतलेल्या बायका, त्यांच्या मागे फेटे आणि टोप्या. आणि बरोबर मधोमध, खुर्चीवर मिससाहेब, म्हणजे आमच्या शाळेच्या परदेशी मिशनरी बाई. बाकी कुणालाच खुर्ची नाही, अगदी पाळकांनाही नाही. चेहरे ओळखायचे सोडून मी त्या खुर्चीकडेच बघत बसले.

ही खुर्ची माझ्या चांगली ओळखीची. शाळेच्या हापिसातली, उजव्या हाताचा वेत सुटलेली. मिससाहेब ज्या घरी जायच्या तिथे ती त्यांच्याआधी पोचायची. कुणीतरी पोरगा ती डोक्यावर उलटी घालून पळत सुटायचा. शनिवारी रात्री भजनाला सतरंजीवर सगळी मंडळी, पेटी, तबला, टाळ, आणि भिंतीलगत उंचावर या एकट्या. कंदील सतरंजीवर, त्यामुळे हातातल्या 'उपासना संगीत'मधलं अक्षरही त्यांना दिसत नसणार. तरी बिचाऱ्या ओठ हलवत राहायच्या. बाई, खाली या, असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. आपल्याकडे मान द्यायचा म्हणजे माणसाला आधी चार हात लांब बसवायचं आणि मग तो मिसळत नाही म्हणून हळहळायचं. मला तर अजूनही कुणाकडे 'छे छे, तुम्ही वर बसा' म्हटलं की पुढचा चहा गोड लागत नाही.

पंडिताकडे शिकलेलं त्यांचं मराठी इतकं शुद्ध, की आमच्या नगरी कानांना ते कळायला जरा वेळच लागे. "आजी, आपलं भोजन झालं काय?" असं त्यांनी विचारलं की आजी आधी मागे वळून बघायची, हे आपल्यालाच की काय म्हणून.

नगरला मिशनच्या माणसांचा तोटा कधीच नव्हता. सिंथिया फॅरार बाई 1827 मध्ये अमेरिकेहून मुंबईत आल्या, 1839 पासून नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि 1862 मध्ये नगरलाच वारल्या. एकट्या बाईनं एवढी वर्षं परमुलखात काढली. त्यांच्या शाळांबद्दल सगळेच सांगतात. मला आपलं भलतंच कुतूहल: त्या कुणाच्या चुलीपाशी पाटावर बसून पहिल्यांदा कधी जेवल्या असतील? त्याहून मागे गेलं तर फादर स्टीफन्स. इंग्लंडचा माणूस, 1579 मध्ये गोव्यात उतरला, तिथल्याच साष्टीत राहिला आणि 1616 मध्ये मराठीत ख्रिस्ताचं पुराण छापून मोकळा झाला. जवळजवळ अकरा हजार ओव्या! खुर्चीवर बसून ओवी कानात शिरत नाही, असं माझं ठाम मत आहे. हा माणूस नक्की कुठल्यातरी ओसरीवर ऐसपैस बसत असणार. पुढे 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी मंडळीत भजन-कीर्तन रुजवलं. आता कीर्तनाला खुर्च्या मांडायच्या तरी कुठे?

आमच्या मिससाहेबांचं जमलं ते मात्र कापणीच्या सणाला. ज्वारीची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, असं सगळं वेदीपुढे यायचं आणि उपासना संपली की लिलाव. पहिल्या वर्षी बाई प्रत्येक बोलीला कौतुकानं मान डोलवत बसल्या. पुढच्या सणाला एक कवडी कोंबडी निघाली. गुरुजी म्हणाले, "दीड रुपया." ते बोलले की बाकीचे गप्प, असा रिवाज होता. तेवढ्यात मिससाहेबांचा आवाज आला, "पावणेदोन." सगळ्या माना वळल्या. गुरुजींनी उपरणं झटकलं, "दोन." "अडीच!" गुरुजींनी पाळकांकडे पाहिलं, पाळकांनी छताकडे.

कोंबडी आणून सरळ बाईंच्या मांडीवर ठेवली. तिनं फडफड करून पांढऱ्या झग्यावर व्हायचं ते केलं. बायकांनी तोंडाला पदर लावले, मग बाईच खो खो हसायला लागल्या. आजी उठली, कोंबडीचे दोन्ही पाय एका मुठीत धरून दाखवत म्हणाली, "अशी धर गं. निस्ती कवटाळून काय बसलीस?" धर गं! मिससाहेबांना! माझी आई तर लाजेनं अर्धी झाली. त्यानंतरच्या शनिवारी खुर्ची आली होती की नाही, हे काही केल्या आठवत नाही.

आता आमच्याच घरातली एक मिशनच्या कामावर परदेशी आहे. माझी भाची, केनियात. तिकडेही म्हणे दानात आलेल्या कोंबड्या-अंड्यांचा रविवारी लिलाव होतो, आणि चहा आपल्यासारखाच भरपूर दुधाचा. फोनवर म्हणाली, "मावशी, सगळे फार मायेचे आहेत गं. पण जेवण झालं की मला ताटसुद्धा उचलू देत नाहीत. सगळ्या बायका मागं भांडी घासत गप्पा मारतात आणि मी पाळकांशेजारी पाण्याचा ग्लास धरून बसलेली."

म्हटलं, "पुढच्या लिलावात एक कोंबडी घे."

"आणि ठेवू कुठे? दोन खोल्यांत?"

तेही खरंच.