स्कूटरची वही: हॉर्नला पंचम लागला, पलासिया मात्र गाठता येईना

मंडळी, स्कूटरला अशक्य वेग दिला तर काय होईल याचे हिशोब मी ज्या वहीत मांडतो, त्या वहीत बरीच भर पडली आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी नियम पुन्हा सांगतो. गाडी म्हणजे साधी स्कूटर, माझ्यासकट वजन २०० किलो. रस्ता राजवाडा ते पलासिया, साडेतीन किलोमीटर, सरळ आणि रिकामा धरलेला. (इंदूरकरांना विचारा, वेगापेक्षा हा रिकामा रस्ताच जास्त अशक्य आहे.) वेग हवा तेवढा मिळतो, गाडी तुटत नाही, बाकी सगळे कायदे निसर्गाचे.

आधी हॉर्न, कारण त्याचं गणित सुटलं. ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने येणाऱ्या गाडीचा हॉर्न रस्त्याकडेच्या माणसाला सव्वातीन टक्के चढा लागतो, म्हणजे सा आणि कोमल रे यांच्यामधलं निम्म्याहून जास्त अंतर. मला हवा होता तो वेग, ज्यात गाडी सा वाजवत येईल आणि ऐकणाऱ्याला प लागेल. स्वर दीडपट व्हायला गाडीला ध्वनीच्या एक तृतीयांश वेग लागतो. २५ अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला ३४६ मीटर जातो, म्हणून उत्तर ताशी ४१५ किलोमीटर. इथवर नुसती आकडेमोड. पण तीच गाडी पुढे निघून गेली की स्वर पाऊणपट होतो, आणि सा चा पाऊणपट म्हणजे मंद्र पंचम! येताना मध्य सप्तकातला प, जाताना त्याच्या बरोबर एक सप्तक खालचा प. गाडी प्रत्यक्षात वाजवतेय तो सा मधल्या मींडेत (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरताना) क्षणभर निसटतो, तेवढाच. रामबागेत माझी मावशी गाणं शिकवते. तिला कागद दाखवला, तर तिने पेटीवर दोन्ही पंचम धरून पाहिले आणि म्हणाली, "अरे, मग एवढं पळायचं कशाला? पेटी आहे की घरात."

हे कानाने तपासायची कल्पना जुनीच आहे. १८४५ मध्ये डच शास्त्रज्ञ बाइस बॅलॉट यांनी नेदरलँड्समध्ये आगगाडीवर तुतारीवाले बसवले, पक्क्या कानाचे वादक रुळाकडेला उभे केले आणि आवाज जवळ येताना चढा आणि लांब जाताना उतरता लागतो हे डॉप्लरचं म्हणणं पडताळून पाहिलं. ध्वनीच्या पुढे गेलं की हॉर्नचा उपयोगच संपतो, कारण गाडी आधी पोहोचते. पण इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी दाखवलेली एक गंमत इथे आहे: वेग ध्वनीच्या बरोबर दुप्पट, ताशी सुमारे २४९० किलोमीटर ठेवला, तर येताना वाजवलेलं मूळ स्वरात आणि मूळ लयीत ऐकू येतं, फक्त उलटं. सारेगम वाजवत या, माणूस ऐकेल मगरेसा. अर्थात तुम्ही निघून गेल्यावर.

आता गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. गल्लीबोळातले स्वयंस्फूर्त गतिरोधक वहीत घेत नाही, त्यांना त्रिज्याच नसते. चाक रस्ता सोडण्याचा वेग निघतो ताशी सुमारे ४६, जो आपल्यापैकी काहींच्या रोजच्या व्यवहारातला आहे. पंचमाच्या वेगाने, ताशी ४१५ ने, गेलो तर सहा अंशांहून थोड्या जास्त कोनात उड्डाण होतं: आठ मीटर उंची, अडीच सेकंद हवेत, आणि चाकं टेकतात जवळजवळ २९० मीटर पुढे. स्प्रिंग आणि हवेचा विरोध सोडून दिला आहे.

गतिरोधकाशिवायही रस्ता सुटतोच, कारण पृथ्वी गोल आहे. त्याला, पृथ्वीचं फिरणं सोडून दिलं तर, ताशी सुमारे २८,४५० किलोमीटर लागतात. तरी मला आवडलेला हिशोब ४० च्या वेगाचा आहे. राजवाड्याहून पलासिया जवळजवळ पूर्वेला. पूर्वेकडे जाताना आपला वेग पृथ्वीच्या फिरण्यात मिळतो आणि वजन किंचित उतरतं. इंदूरच्या अक्षांशावर गाडी आणि मी मिळून ३० ग्रॅम हलके होतो, परतताना तेवढेच जड. १९०८ मध्ये हंगेरीचे भौतिकशास्त्रज्ञ एओट्व्होश यांच्या सांगण्यावरून काळ्या समुद्रात दोन जहाजं, एक पूर्वेकडे आणि एक पश्चिमेकडे चालवून हा फरक मोजला गेला. म्हणजे अशक्य वेग लागलाच नाही, स्कूटरने भागलं.

सिग्नल तोडून पोलिसाला भौतिकशास्त्र सांगणाऱ्याचा किस्सा सगळ्यांना पाठ आहे: "साहेब, वेगामुळे लाल दिवा हिरवा दिसला." या वेळी एलईडी दिव्यांच्या तरंगलांबी घेतल्या, लाल ६३० आणि हिरवा ५०५ नॅनोमीटर. लाल हिरवा दिसायला लागणारा वेग येतो प्रकाशाच्या २१.८ टक्के, सेकंदाला सुमारे ६५,२०० किलोमीटर. पिवळा निळा दिसतो, खरा हिरवा जांभळ्याच्या काठावर जातो. चौक ओलांडून आरशात पाहिलं तर मागचा हिरवा बरोबर लाल दिसतो, आणि लाल अवरक्तात जाऊन दिसेनासाच होतो. तीन सेकंदांच्या पिवळ्यात गाडी चंद्राच्या निम्म्या वाटेपलीकडे पोहोचते. गाडीची ऊर्जा सुमारे १०५ मेगाटन, म्हणजे १९६१ च्या सोव्हिएत अणुचाचणीतल्या 'त्सार बॉम्ब'च्या दुपटीहून थोडी जास्त. दंड किती लावायचा ते आरटीओने ठरवावं.

खरं सांगायचं तर प्रकाशाच्या आसपासचे आकडे नुसते मोठे असतात, त्यात डोकं फारसं लागत नाही. म्हणून त्याच गाडीसमोर हवा आणली. एकदा वेग देऊन एक्सिलरेटर सोडायचा. पुढून गाडी ०.६ चौरस मीटर, हवा घनमीटरला १.१ किलो. पलासियापर्यंत वाटेत २३०० किलो हवा उभी आहे, गाडीच्या साडेअकरा पट. फार वेगात शिरणारी वस्तू साधारण स्वतःच्या वजनाइतका माल समोरून ढकलेपर्यंतच पुढे जाते, हा न्यूटनचा ढोबळ नियम लावला. उत्तर तीनशे मीटर, म्हणजे कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांच्या आसपास कारभार आटोपला. आणि या उत्तरात वेग कुठेच नाही! दुप्पट करा, अर्धा करा, गाडी छत्र्यांपाशीच. प्रत्यक्षात या वेगाला हवेतल्या अणूंची केंद्रकं गाडीच्या केंद्रकांवर आदळून फुटतील, तेव्हा 'गाडी तुटत नाही' हा नियम या पानापुरता रद्द.

सध्या उष्णतेवर अडलोय. समोर अडलेली हवा तापते. ताशी ४१५ ला जेमतेम साडेसहा अंश. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, हिवाळ्याच्या रात्री, बाहेर १५ अंश असताना, पुढच्या मडगार्डवर गराडू (कंदाच्या फोडी) तळायचे तर १७५ अंश लागतात, म्हणजे ताशी सुमारे २०४० किलोमीटर. वेग निघाला. पण साडेतीन किलोमीटर सहा सेकंदांत संपतात आणि गराडू आतून कच्चा राहतो. फोडी किती पातळ चिराव्या लागतील ते काढतोय. गराडूची उष्णता-वाहकता कोणी मोजली असेल तर कळवा.