तुम्ही विचारलंत म्हणून: कुमानो कोदोला वाटाड्या कशाला?

कुमानो कोदो म्हणजे जपानच्या कीई द्वीपकल्पातल्या होंगू, शिंगू आणि नाची या तीन देवस्थानांकडे जाणाऱ्या जुन्या यात्रेच्या डोंगरवाटा. विचारणारी माणसं बदलतात, प्रश्न तोच राहतो. "कुमानो कोदोवर अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरला पाट्या आहेत, इंग्रजीतही आहेत. वाट चुकायची भीतीच नाही. मग वाटाड्यावर पैसे कशाला घालायचे?" आणि त्यापाठोपाठ, जरा विजयी सुरात: "वारीला कुठे असतो गाईड?"

पाट्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. नाकाहेची या मुख्य वाटेवर ताकिजिरी-ओजीपासून (ओजी म्हणजे वाटेवरचं छोटं देऊळ) होंगूपर्यंत दर 500 मीटरला क्रमांकाचा खांब आहे, 1 पासून 75 पर्यंत. जिथे लाकूडतोड्यांची वाट फुटते तिथे 'ही कुमानो कोदो नव्हे' अशी वेगळी पाटी लावलेली आहे. या वाटेवर हरवायला खरोखर प्रयत्न करावे लागतील. पण वाटाड्याचं काम वाट दाखवण्याचं, हे ठरवलं कुणी?

वारीचंच घ्या. दिंडीत विणेकरी असतो, चोपदार असतात, सामानाचा ट्रक पहाटेच पुढे गेलेला असतो, टँकर येणार असतो, रात्रीचा तंबू कुठे पडणार हे ठरलेलं असतं. वारकऱ्याला गाईड लागत नाही कारण गाईडची सगळी कामं शेकडो माणसांनी आपसांत वाटून घेतलेली असतात. कीई द्वीपकल्पाच्या डोंगरात ती शेकडो माणसं नाहीत. दुपारभर चालून एखाददुसरा माणूस भेटेल. तिथे ती सगळी कामं एकाच्या अंगावर पडतात, मग तो एक वाटाड्या असो नाहीतर तुम्ही स्वतः.

परंपरेचा मुद्दा काढलात म्हणून तेही सांगते. निवृत्त सम्राट उदा 907 साली कुमानोला गेले, बाराव्या शतकात गो-शिराकावा तीसहून अधिक वेळा गेले. यात्रा भरात असताना या मंडळींबरोबर 'सेन्दात्सु' असायचे, म्हणजे डोंगरात तप केलेले यामाबुशी. कुठे स्नान करायचं, कुठल्या ओजीपुढे थांबायचं, कधी निघायचं हे सेन्दात्सु सांगत आणि राजा ऐकत असे. 'एकट्याने चालली तरच खरी यात्रा' हे मत आपल्या काळातलं आहे. ते मत असायला माझी हरकत नाही, त्याला प्राचीन म्हणू नये इतकंच.

सोप्या टप्प्यांवर मी वेळ घालवत नाही. ताकिजिरी ते ताकाहारा जेमतेम चार किलोमीटर, पण सुरुवातीलाच दम काढणारी चढण. पुढे चिकात्सुयुपर्यंत दहाएक किलोमीटर जंगलवाट. तिसरा दिवस लांब. चिकात्सुयुपासून होंगू जवळपास 25 किलोमीटर, म्हणून बहुतेक जण आदल्या दिवशी त्सुगिझाकुरापर्यंत रेटतात किंवा मधला भाग बसने करतात. त्सुगिझाकुरा-ओजीच्या प्रचंड जपानी सीडर वृक्षांपाशी मात्र थांबा. 1906 नंतर सरकारने छोटी देवळं मोठ्यांत विलीन करायचा आणि त्यांची राखीव झाडं तोडायचा सपाटा लावला तेव्हा मिनाकाता कुमागुसु या निसर्गशास्त्रज्ञाने जो लढा दिला, त्यामुळे ही झाडं उभी आहेत. आपल्याकडच्या देवरायांचं काय होतं हे ज्याला माहीत आहे त्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

होश्शिनमोन-ओजी ते होंगू हे शेवटचे सात किलोमीटर कुणीही करावेत. उतार, चहाचे मळे, छोटी वस्ती, अडीच तास. इथे वाटाड्या लागत नाही हे मी आधीच मान्य करून टाकते.

जेवणाचा मुद्दा मराठी माणसांकडून हटकून येतो. मिन्शुकु म्हणजे चार-सहा खोल्यांची घरगुती खानावळ-कम-मुक्काम. संध्याकाळी सहाला ताट मांडलेलं असतं आणि ते एकट्या बाईने दुपारपासून रांधलेलं असतं. मासे काढून टाकले म्हणजे शाकाहारी झालं असं नसतं, कारण मिसो सूपपासून उकडलेल्या भाजीपर्यंत सगळ्याला सुकवलेल्या बोनितो माशाच्या पाण्याचा आधार असतो. हे आरक्षणाच्या वेळी, जपानीत, लेखी कळवावं लागतं. दारात उभं राहून सांगितलंत तर त्या बाईच्या हातात भात, तोफू आणि उमेबोशी या खारवलेल्या आंबट फळापलीकडे काही उरत नाही. दुपारच्या डब्यासाठी मेहारी-झुशी मागा, खारवलेल्या मोहरीच्या पानात गुंडाळलेला भाताचा गोळा. आतलं सारण मात्र विचारून घ्या.

आता कोगुची. माझं सगळं म्हणणं या एका गावात येऊन थांबतं.

होंगूनंतर उकेगावाहून कोगुमोतोरी-गोए ही घाटवाट ओलांडून तुम्ही कोगुचीला येता, 13 किलोमीटर. ओढ्याकाठचं चिमुकलं गाव, जुन्या शाळेच्या इमारतीतला मुक्काम. दुसऱ्या दिवशी ओगुमोतोरी-गोए: कोगुची ते नाची, साडेचौदा किलोमीटर. आकडा ऐकून कुणी घाबरत नाही, आणि तिथेच फसगत होते. गाव समुद्रसपाटीच्या जेमतेम वर आहे आणि एचिझेन खिंड 870 मीटरवर. पहिल्या पाचेक किलोमीटरमध्ये सुमारे 800 मीटर चढायचं. आतकरवाडीतून सिंहगड सहाएकशे मीटर होतो, म्हणजे सिंहगड चढून वर त्याचा आणखी तिसरा हिस्सा. त्यातला सर्वांत वाईट भाग दोगिरी-झाका, शेवाळलेल्या दगडी पायऱ्यांची न संपणारी चढण. पायऱ्यांची उंची एकसारखी नाही, त्यामुळे पायाला ताल सापडत नाही.

चढण सुरू झाल्यावर थोड्याच वेळात वारोदा-इशी हा मोठा खडक येतो. त्यावर तीन वर्तुळांत तीन सिद्धम् बीजाक्षरं कोरलेली आहेत: अमिताभ, भैषज्यगुरू आणि सहस्रभुज अवलोकितेश्वर, म्हणजे कुमानोच्या तीन देवस्थानांची बौद्ध रूपं. आपल्या ब्राह्मीच्या कुळातली अक्षरं जपानच्या जंगलातल्या दगडावर आहेत आणि माणसं मान खाली घालून त्याच्यासमोरून धापा टाकत निघून जातात. कुणीतरी हात धरून थांबवावं लागतं.

पण वाटाड्याचं खरं काम त्याआधी, पहाटे साडेपाचला असतं. या द्वीपकल्पावर जपानमधला जवळजवळ सर्वांत जास्त पाऊस पडतो. पूर्वेकडच्या ओवासे शहराची वर्षाची सरासरी 4,000 मिलिमीटरच्या आसपास आहे. जून ते जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा, ऑगस्ट-सप्टेंबरात वादळं. 2011 च्या सप्टेंबरातल्या तालास वादळाने इथले डोंगर सरकले, नाचीच्या खोऱ्यात माणसं गेली, इवागामीच्या बाजूला वाटेला वळसा द्यावा लागला. म्हणून पहाटे वाटाड्या तीन गोष्टी बघतो. हवामान खात्याचा अतिवृष्टीचा इशारा लागलाय का. रात्रभर किती पडला, कारण सकाळी उघडीप असली तरी दोगिरी-झाकाचा ओहोळ झालेला असतो. आणि तिसरी गोष्ट, जी स्वतःबद्दल कुणीच बघत नाही: काल कोगुमोतोरीला गटातल्या सर्वांत हळू माणसाला किती वेळ लागला. पाच तासांत झालं तर आज सात-आठ तासांत होईल. कालच सात लागले असतील तर आज दहाच्या पुढे जाणार, आणि नोव्हेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सीडरांच्या खाली तर चारनंतरच पाटी वाचता येत नाही.

लोकांना वाटतं धोका चढणीवर आहे. चढणीवर माणूस दमतो, पडत नाही. पडतो तो एचिझेन खिंडीनंतरच्या उतारावर, कारण मांड्या तोवर थरथरत असतात आणि ओल्या दगडावर सीडरच्या गळलेल्या काटक्या-पानं पसरलेली असतात. त्यानंतर इशिकुरा खिंडीची पुन्हा चढण, पुन्हा उतार, मग जिझो-जाया. तिथे आसरा आहे, स्वच्छतागृह आहे आणि जंगलातला रस्ता येऊन मिळतो, म्हणजे गाडी पोचू शकते. त्याच्या अलीकडे घोटा मुरगळला तर स्ट्रेचरशिवाय उपाय नाही, आणि बऱ्याच भागात फोनला रेंज नसते. परत फिरायचं तर कुसुनोकुबोच्या जुन्या धर्मशाळांच्या चौथऱ्यांपाशी फिरावं. दोगिरी-झाका चढून गेल्यावर ओल्यात तोच उतरणं पुढे जाण्यापेक्षा वाईट. जिझो-जायानंतर फुनामी खिंड, तिथे पहिल्यांदा समुद्र दिसतो आणि माणसं संपलं म्हणून सैल होतात. पुढे साडेपाचशे मीटरचा उतार शिल्लक असतो. गुडघे तिथे जातात.

तर अशा एखाद्या पहाटे वाटाड्या म्हणतो, "आज वर जायचं नाही. बसने शिंगूला, तिथून रेल्वेने कात्सुउरा, मग नाची." आणि त्या क्षणी माणसांच्या चेहऱ्याचं जे होतं ते बघवत नाही. वर्षभर पायऱ्या चढून तयारी केलेली असते. घरी सांगून आलेलं असतं. चार दिवस चालून आलेलं असतं. बाहेर पाऊस थांबल्यासारखा दिसतो, शेजारच्या टेबलावरचं ऑस्ट्रेलियन जोडपं बूट बांधून निघालेलं असतं. "ते जाताहेत, मग आम्ही का नाही?" मग संताप, मग अबोला, मग परतल्यावर लांबलचक तक्रार की पैसे देऊन वाटाडा नेला तो अडवायलाच.

हो. अडवायलाच नेला. पाटी अडवत नाही.

ते जोडपं बहुधा सुखरूप नाचीला पोचतं. हेही मला लपवायचं नाही. अडवलेल्या दिवसांपैकी बरेच दिवस असे असतात की गेलं असतं तरी काही झालं नसतं, आणि हे सिद्ध करायला किंवा खोडायला कुणाकडेच काही नसतं. त्यामुळे तक्रार करणाऱ्याला मी चूक म्हणू शकत नाही. इतकंच सांगते की बसने गेल्याने यात्रा मोडत नाही. जुने सम्राट होंगूहून नावेत बसून कुमानो नदीने शिंगूला उतरत. 2004 मध्ये युनेस्कोने जी यादी केली तिच्यात तो नदीमार्गही आहे, आणि होंगू-शिंगू रस्ता बराच वेळ त्या नदीच्याच काठाने जातो. कोगुमोतोरी-ओगुमोतोरीचे डोंगर ते परतीच्या वाटेवर, नाचीकडून होंगूकडे ओलांडत. 1201 साली गो-तोबांच्या लवाजम्यात असलेला कवी फुजिवारा नो तेइका तो डोंगर पावसात पार झाला आणि वाटेच्या हालांना शब्द नाहीत अशा अर्थाचं रोजनिशीत लिहून गेला. स्पेनमधली सांतियागो आणि कुमानो या दोन्ही यात्रांचं जोडप्रमाणपत्र हवं असेल तर कुमानोच्या बाजूने ताकिजिरी ते होंगू चालणं पुरतं. ओगुमोतोरी सुटल्याने तेही हातचं जात नाही.

पूर्वी मी याच्या नेमकं उलट बोलायचे. वाटाड्या असला की चालणं वेळापत्रक होतं, प्रत्येक ओजीपाशी शिक्का मारायला रांग लागते, माहिती ऐकताना जंगल ऐकू येत नाही. यातलं एकही वाक्य आज मला मागे घ्यावंसं वाटत नाही. गटाचा वेग सर्वांत हळू माणसाचा असतो, त्यात जलद चालणारा कुढतो आणि हळू चालणारा अपराधी होतो. दोन वाटाडे घेऊन गट फोडा म्हणावं तर खर्च दुप्पट. याला तोडगा मला सापडलेला नाही.

म्हणून विचारणाऱ्यांना आता मी अर्धवटच उत्तर देते. स्थानिक वाटाड्या एका दिवसासाठीही मिळतो. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात जात असाल, डोंगरात चालायची सवय असेल, तर होंगूपर्यंत स्वतःचे स्वतः चाला आणि ओगुमोतोरीच्या दिवसापुरता माणूस घ्या. नाचीला पोचल्यावर तो तुम्हाला 133 मीटरच्या धबधब्याकडे नेण्याआधी सेइगान्तो-जीच्या ओसरीवर बसवून सांगेल की, परंपरेप्रमाणे, हे देऊळ समुद्रातून वाहत आलेल्या एका भारतीय साधूने स्थापलं.

त्याही दिवशी एकटंच जायचं असेल तर सातच्या आत कोगुची सोडा. दोन लिटर पाणी आणि डबा बरोबर घ्या, नाचीपर्यंत दुकान नाही. बूट मऊ, पकड धरणाऱ्या रबरी तळव्याचे हवेत. सह्याद्रीत कातळावर चालणारा कडक तळवा शेवाळावर घसरतो. काठ्यांना रबरी टोप्या, नाहीतर जुने दगड खरचटतात. पोंचो नको, जाकीट-पँट घ्या, कारण पोंचोत स्वतःची पावलं दिसत नाहीत. हेडलँप हाताशी ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. मोठी बॅग सकाळी सामानाच्या गाडीने पुढच्या मुक्कामी पाठवा. साडेअकरापर्यंत एचिझेन खिंडीत पोचला नाहीत, तर जिझो-जायाला थांबून गाडी बोलवायची हे आदल्या रात्रीच ठरवा, आणि त्यासाठी टॅक्सीचा नंबर मुक्कामाच्या मालकिणीकडून कागदावर लिहून घ्या. रेंज मिळाली नाही तर वाटेत भेटेल त्या माणसाकडे तो कागद देता येतो.