फियाटचा पट्टा घरासमोरच का अडायचा

वडिलांनी १९९१ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी अजून आमच्याकडे आहे. आरसी बुकात पद्मिनी, पण आमच्या बेळगावच्या वडगावात तिला फियाटच म्हणतात. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढची सीट अखंड. त्या सीटवर लग्नसराईत चौघं दाटीवाटीनं बसून शहापूरला गेलेली माणसं आमच्या गल्लीत अजून आहेत. सीटबेल्ट हा विषयच नव्हता तेव्हा.

विषय काढला मुलीनं. ती पुण्याला नोकरीला आहे. निपाणीपर्यंत तिला आणायला गेलो, तर गाडीत बसायच्या आधी म्हणाली, "पप्पा, पट्टे बसवून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी मी एसटीनं येणार." तवंदीच्या घाटात बाजूनं चाललेले कंटेनर बघितले आणि म्हटलं, पोरगी चुकीचं काही बोलत नाही.

पुढच्या दोन जागांसाठी नवीन पट्टे आणले, रीळवाले. म्हणजे पट्टा आपोआप गुंडाळला जातो, हळू ओढला की येतो, झटका बसला की अडतो. गॅरेजवाल्यानं दारामागच्या खांबाच्या तळाशी ब्रॅकेट वेल्ड करून रीळं बसवली. गॅरेजमध्ये दहा वेळा ओढून बघितलं, लोण्यासारखं काम. घरी आलो, संध्याकाळी परत बसलो, तर माझ्या बाजूचा पट्टा चार बोटं आला आणि खट्. ओढा, सोडा, ओढा. खट्, खट्. डावीकडचा मात्र झकास.

सकाळी गॅरेजला नेला, तर लगेच आला. गॅरेजवाला हसला. "बेल्ट सरी ऐत्री, एनू आगिल्ला." म्हणजे पट्टा ठीक आहे, काही झालेलं नाही. घरी आलो, परत खट्. असं तीनदा झालं. चौथ्यांदा जायची लाज वाटली. त्याला वाटत असणार, मालकाला पट्टा ओढायचीच कला नाही.

माझा संशय सुताच्या धुळीवर. आमचे माग घराला लागूनच आहेत, उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या बॉनेटवर तासाभरात पांढरा थर बसतो. म्हटलं, रिळात धूळ गेली असणार. पट्टा हळूहळू होता तेवढा बाहेर काढला (मधेमधे थोडा आत सोडायचा, म्हणजे आतली खिट्टी सुटते), रिळाच्या तोंडाशी कपड्यांचा जाड चिमटा लावला आणि कोमट पाणी आणि साध्या साबणानं पट्टा पुसला. पाणी तपकिरी निघालं! नवा पट्टा, आणि इतकी घाण. सावलीत वाळवला. ब्लीच, ॲसिड, इस्त्री यातलं काही लावायचं नाही, पॉलिस्टरचा धागा कमजोर होतो. रिळावर तेलाचा फवारा मारायचा मोहही आवरला, कारण तेलावर धूळ चिकटते हे मागवाल्याला कुणी शिकवायला नको.

पुसता पुसता वीण बघत बसलो. जवळजवळ दोन इंच रुंदीचा पट्टा, धागा इतका घट्ट की नख शिरत नाही. दोन्ही काठ मात्र वेगळे विणलेले, तिथं हात फिरवला की गुळगुळीत लागतात. पट्टा फाटायला लागला की आधी काठ पिसतो, तसाच, साडीसारखा. पिसलेला पट्टा शिवून वापरायचा नसतो, बदलायचा. हे मी गिऱ्हाईकाला साडीबद्दल कधी सांगितलं नसतं, ते सोडा.

पुसून काय झालं? काही नाही. घरासमोर खट्.

गणपतीआधी मागांच्या शेडमध्ये गाडी आत घेतली, बाहेर मंडप घालायचा होता. बायको आरशाला लटकवलेली माळ काढायला आत माझ्या जागेवर बसली, सहज पट्टा ओढला, तर सळसळत आला. मला हाक मारली आणि म्हणाली, "अहो, हा येतोय की. तुम्ही गाडी गटारीवर चढवून ठेवतासा आणि पट्ट्याला शिव्या देतासा."

मी गप्प झालो. आमची गल्ली अरुंद. घर उजवीकडे. उजवी दोन चाकं गटारीच्या फरशीवर चढवल्याशिवाय दुसरी गाडी जात नाही. फरशी रस्त्यापेक्षा साडेचार इंच वर. म्हणजे रोज रात्री आमची फियाट डावीकडं कलून झोपते.

आमचे जॉबर मामा, म्हणजे माग जोडणारे-दुरुस्त करणारे, माग बसवताना पाणसळ (सपाटी बघायचं साधन) लावल्याशिवाय नट आवळत नाहीत. त्यांनी माझं रीळ सोडवलं, हातात सरळ धरलं आणि पट्टा ओढला. आला. रीळ बाजूला कलतं केलं. खट्. परत सरळ केलं, थोडा सैल सोडला, सुटला. मामा कानाशी लावून हलवायला लागले. आत बारीक टिकटिक. "गोळी हाय यात," म्हणाले. खरंच, अशा बऱ्याच रिळांत पोलादी गोळी वाटीत ठेवलेली असते. गाडीनं जोरात ब्रेक मारला किंवा ती कलंडली की गोळी घरंगळते, वरचा दांडा उचलते आणि खिट्टी दात्यात अडकते. गोळीला कसं कळणार की गाडी पलटी होत नाही, नुसती गटारीवर चढलीय? शिवाय पट्टा झटक्यानं ओढला तरी अडतो, ती व्यवस्था वेगळी, रिळाच्या फिरण्याच्या वेगावर चालणारी. माझ्या चिडून ओढण्यानं तीही कामाला लागत होती.

मोबाइलमधली पाणसळ लावून मोजलं. सपाट जमिनीवर माझं रीळ ११ अंश आतल्या बाजूला, म्हणजे डावीकडं कललेलं. खांब वर आत झुकतो, ब्रॅकेटही तसाच झुकवून वेल्ड केलेला. त्यात फरशीचे ५ अंश. झाले १६. संयुक्त राष्ट्रांच्या १६ क्रमांकाच्या वाहन नियमात असल्या रिळांबद्दल साधा हिशेब आहे: १२ अंशांपर्यंत कललं तर अडू नये, २७ च्या पुढं अडलंच पाहिजे. मधलं ज्याच्या त्याच्या रिळावर. गॅरेजमध्ये ११, घरासमोर १६. मग डावं रीळ का अडत नव्हतं? ते उजवीकडं कललेलं, गाडी डावीकडं, वजाबाकी होऊन ६.

खात्री करायला गाडी उलट तोंड करून लावली. आता डावी चाकं फरशीवर. डावा पट्टा खट्, माझा मोकळा. इतका आनंद मला दिवाळीच्या ऑर्डरीतही झाला नव्हता.

उद्यमबागेत एका ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून पाचर काढलेला नवा ब्रॅकेट करून घेतला, रीळ ओळंब्यात, म्हणजे सरळ उभं बसेल असा. बोल्ट पट्ट्याबरोबर आलेलाच वापरला, ७/१६ इंचाचा बारीक आट्यांचा. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट इथं चालत नाही, अपघातात सगळा भार त्यावरच येतो. रिळाचं बाजूचं झाकण मात्र उघडू दिलं नाही. आत घड्याळासारखी स्प्रिंग गुंडाळलेली असते, सुटली तर हाताला लागते आणि परत बसत नाही. मामांची फार इच्छा होती.

परवा मुलीला आणायला निपाणीला गेलो. तवंदीच्या चढावर थांबून तिनं पट्टा काढला, पाण्याची बाटली घेतली, परत ओढला तर खट्. "पप्पा, हा परत अडला!" म्हटलं, गाडी पुढं सपाटीवर जाऊ दे. तिच्या बाजूचा ब्रॅकेट जुनाच आहे, त्यात घाटाचा चढ. तो पुढच्या आठवड्यात करायचा. तोवर बायको पुढं बसणार असेल, तर गाडी चढावर न लावता सपाट जागेवर उभी करायची आणि मगच तिनं बसायचं, असं ठरलंय.